मेणवलीच्या घाटावरची घंटा

प्रश्न : वाईजवळच्या मेणवलीला देवळाच्या घंटेवर बाळाला घेतलेली बाई दिसते. ही कोणती देवी?

उत्तर : अहो, ती मेरी, आणि तिच्याजवळचा तो बाळ येशू! नीट पाहिलंत तर १७०७ हे सालही दिसेल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या. त्यातलीच ही, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर आली. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटाही वसईचीच. मला मनापासून भावतं ते हे, की मेणवलीत कुणी ती वितळवली नाही, मायलेकरांचं चित्रही घासून काढलं नाही. पुन्हा जाल तेव्हा सकाळच्या उन्हात पाहा, नक्षी स्पष्ट दिसते.