आधी नोंदणी, मग तिकीट

प्रिय मुली,

तुझा परवाचा निरोप तीनदा वाचला. आयसीयूत इतकी वर्षं काढलेल्या नर्सला परदेशी नेणारा एजंट म्हणतो, ‘आत्ता सहाय्यक म्हणून चला, रजिस्ट्रेशन तिथे गेल्यावर होईल,’ आणि तू मला विचारतेस पगार बरा आहे का! पगाराचं नंतर बघू. करारात पद काय लिहिलंय ते आधी सांग.

जावं की न जावं, देशाचं काय, यात मी शिरत नाही. त्यावर आपण पुष्कळ बोललोय आणि तू जाणार हे मला ठाऊक आहे. माझं सांगणं एवढंच: आधी त्या देशात नर्स म्हणून नोंदणी, मग तिकीट.

मी उलटं केलं. जर्मनीत आले तेव्हा माझी पदवी मान्य व्हायची होती. वाटलं, सहा महिने मदतनीस म्हणून काढू. मग निर्णय आला, त्यात माझ्या शिक्षणातल्या उणिवांची यादी. त्या भरून काढायला एक तर पूरक प्रशिक्षण घ्यायचं, नाहीतर परीक्षा द्यायची. शिवाय बी-टू पातळीची, म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येईल इतकी, जर्मन भाषा. ड्युट्या सांभाळून हे उरकायला मला चार वर्षं लागली.

त्यातली एक रात्र सांगते. एका आजोबांचा हात सलाईनच्या जागी सुजला होता. कातडी ताणलेली, गार. इंट्राकॅथ, म्हणजे शिरेतली सलाईनची नळी, शिरेबाहेर गेलंय हे दारातूनच कळलं मला. थेंब पडतच होते. सलाईनला हात लावायचा नाही, असं मला बजावलेलं. मी घंटी दाबली आणि उभी राहिले. मी पूर्वी शिकवायचे त्या विद्यार्थिनींच्या वयाची नर्स आली, तिने क्लॅम्प बंद केला, इंट्राकॅथ काढलं. अपमानाचं मी गिळलं असतं गं. पण नंतर लक्षात आलं की माझा हात क्लॅम्पकडे गेलासुद्धा नव्हता. पूर्वी तो आपोआप जायचा. पुढे नोंदणी झाली, तेव्हा साधी शीर मला पहिल्या दोन वेळा सापडली नाही.

म्हणून सांगते, आधी नोंदणी.

मी काही अडाणी नव्हते. डोक्यावर कर्ज होतं, धाकट्या भावंडांची शिक्षणं होती, दर महिन्याला पैसे पाठवायचे होते आणि ते मी एकदाही चुकवले नाहीत. तेव्हा दुसरं काय करता आलं असतं, याचं उत्तर मला आजही सापडत नाही. नाही, सापडतं. सहा महिने थांबता आलं असतं.

फिलिपिन्समधल्या कितीतरी डॉक्टरांनी परदेशी जाता यावं म्हणून नर्सिंगचं शिक्षण घेतलं. मी त्यांना नावं ठेवत नाही; काय सोडतोय हे त्यांना माहीत होतं. तुला मात्र सांगितलंच जात नाहीये की तू काही सोडते आहेस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या भरतीसंहितेत लिहिलंय की बाहेरून आलेल्यांचं पद, बढती आणि पगार पात्रता व अनुभव पाहून ठरावेत. पण ती संहिता ऐच्छिक आहे. तिच्या जोरावर कुणी तुझं पद वाढवून देणार नाही.

जे घरबसल्या होतं ते घरबसल्याच कर. अमेरिकेची एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या परवान्याची परीक्षा, तिथे न जाता देता येते. ब्रिटनची संगणकावरची परीक्षाही देता येते. ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक, तेवढं तिथे जाऊन द्यावं लागतं. जर्मनीच्या मान्यतेचा अर्ज इथे यायच्या आधी करता येतो. किती बाकी आहे, ते लेखी हातात घे. बाकीचं तिथे गेल्यावर करायचंच असेल, तर किती महिन्यांत, कुणाच्या खर्चाने आणि तोवर कोणत्या पदावर, हे करारात लिहून घे. तोंडी ‘होईल’ला काही किंमत नाही.

‘जागा जाईल’ म्हणतो ना? जाऊ दे. नर्स पुष्कळ देशांना हव्यात. आणि ‘थोडे दिवसच तर’ हे वाक्य माझ्यापुढे पुन्हा काढू नकोस.

कराराचं पदाचं पान आणि बाँडचं पान, दोन्हींचे नीट फोटो काढून पाठव. गुरुवारपर्यंत मला नाईट आहे, सकाळी घरी आले की वाचते. तोवर कशावरही सही करू नकोस.

तुझी,
ताई