गाईडमधला तोच पॅराग्राफ, चुकांसकट

प्रश्न : मी कोल्हापुरात सिनिअर कॉलेजला बीए पार्ट वनला इंग्लिश शिकवते. वर्गात चंदगड-गडहिंग्लजकडची मुलं आहेत, काहींच्या घरी कन्नड बोलतात, काहीजण शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नाईट करून थेट लेक्चरला येतात आणि चार-पाच ताराबाई पार्कातली इंग्लिश मिडीयमची. पॅराग्राफ लिहायला दिला की निम्म्या वह्यांत गाईडमधला तोच, चुकांसकट. कवितेचा तास तर मराठीत अर्थ सांगण्यातच संपतो. काय करू?
– एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, ही मुलं आळसानं उतरवत नाहीत हो. स्वतःचं वाक्य लिहिलं की लाल पेन फिरणार, गाईडचं असलं की चूक निदान आपली नाही, एवढाच हिशोब असतोय.

आधी विषय बदला. 'माझा छंद' दिला की गाईड उघडणारच, पण "तुमच्याकडं गुऱ्हाळावर गूळ कसा करतात, मला सांगा" म्हटलं तर ते गाईडमधे कुठनं मिळणार? पहिल्यांदा बोलू दे, मग मराठी-कन्नड-इंग्लिश कसंही मिसळून लिहू दे, काहील, चुलवाण, ढेप हे शब्द तसेच राहू देत. रस उकळताना मळी काढली नाही तर गूळ काळपट होतो, हे 'इफ' आणि 'बिकॉज' शिवाय सांगताच येत नाही, मग ते शब्द पोरं स्वतःहून मागतात. आणि ताराबाई पार्कवाल्यांना यातलं काहीच माहीत नसतं, त्यांना इंग्लिशमधे प्रश्न विचारायला लावा, उत्तर चंदगडचा पोरगा देईल.

तपासताना एका वेळी एकच चूक धरा. मराठीत 'अ, ॲन, द' नाहीतच आणि क्रियापद बहुतेक शेवटी येतंय, म्हणजे या चुका सगळ्यांच्या होणारच. आधी क्रियापदाची जागा, बाकीचं नंतर, आर्टिकल्सना तर वर्षं लागतात. नाईटवाल्या मुलांसाठी घरून लिहून आणा हे बंदच करा, वर्गात दहा मिनिटं द्या.

कवितेसाठी वर्ड्सवर्थची 'द सॉलिटरी रीपर' घ्या, 1807 ला छापलेली. स्कॉटलंडच्या डोंगरात एकटी पोरगी कापणी करत गातीय आणि कवीला तिची भाषाच कळत नाही, ही काय गातीय ते कुणी सांगेल का म्हणून तो विचारतोय! अर्थ सांगू नका. दोनदा मोठ्यानं वाचा आणि विचारा, कापणी करताना गातात ती भलरी कुणी कुणी ऐकलीय? भाषा कळत नाही म्हणून मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या पोराला पहिल्यांदा कळतं की इथं कवी पण आपल्याच बाकावर बसलाय. मग ती काय गात असेल ते लिहू दे, कुठल्याही भाषेत.

पेपरच्या नोट्स परीक्षेआधी तीन आठवडे द्या, तेवढ्यात होतंय. या कवितेच्या वह्या मात्र मार्क न घालता परत करा.