फटाके वाजले की आमचा ब्रुनो पलंगाखाली

प्रश्न : डॉक्टर, आमचा लॅब्राडोर कुत्रा ब्रुनो ९ वर्षांचा आहे. आधी त्याला फटाक्यांचं काही वाटायचं नाही, पण मागच्या नरकचतुर्दशीला पहाटे खाली माळ लागली आणि तो कापत पलंगाखाली घुसला, तिथेच सू झाली, दिवसभर काही खाल्लं नाही. सासरे म्हणतात जवळ घेऊ नका, अजून घाबरट होईल. शेजारी म्हणतात झोपेची गोळी द्या. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, बिनधास्त जवळ घ्या. लाड केले म्हणून भीती वाढत नाही, तो कुशीत आला तर हळूहळू थोपटत बसा. पलंगाखाली गेला तर मात्र ओढून काढू नका, तिथेच जुनी चादर टाका, पाणी सरकवा. आणि सू झाली म्हणून ओरडायचं अजिबात नाही.

मला काळजी वाटतेय ती वेगळीच. इतकी वर्षं काही नाही आणि आता एकदम भीती, म्हणजे आधी त्याचं अंग दुखतंय का ते बघायला हवं. या वयात लॅबना खुब्याचा, कोपराचा त्रास खूप असतो, आवाजाने दचकून अंग आखडलं की कळ येते आणि मग आवाज म्हणजे दुखणं असं डोक्यात बसतं. जिन्यात थांबतो का, उठताना मागचे पाय घसरतात का बघा आणि व्हेटना, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, हे नक्की सांगा.

माणसांची गोळी अंदाजाने तोडून देऊ नका, जिवावर बेतू शकतं. ॲसिप्रोमाझिन हे गुंगीचं औषध वर्षानुवर्षं सर्रास दिलं जातं, पण नुसतं तेच दिलं तर कुत्रा ढिला पडतो, आवाज ऐकू येतच असतो, भीतीही तशीच, फक्त बिचाऱ्याला हलता येत नाही. म्हणून भीती कमी करणारं औषध मागा, ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन वगैरे आहेत, डोस व्हेटच ठरवतील. एखाद्या साध्या दिवशी ट्रायल घ्या, आणि प्रत्यक्ष दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आधीच औषध पोटात जायला हवं.

हातात महिना-दोन महिने असतील तर मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून त्याच्या आवडीचं खायला द्या, रोज थोडा वेळ, खाता खाता थबकला तर आवाज जास्त झाला समजा. ऐन दिवाळीत हे सुरू करू नका.

लक्ष्मीपूजनाला उजेड असतानाच फिरवून आणा, हार्नेस आणि पट्टा दोन्ही लावून. मग आतली खोली, खिडक्या-पडदे बंद, पंखा फुल, टीव्ही चालू. फराळाला पाहुणे आले की दार उघडं राहतं आणि तेवढ्यात कुत्रा सुटतो, म्हणून गळ्यात मोबाईल नंबरचा बिल्ला हवाच. हो, चिवड्यातले बेदाणे आणि चॉकलेट त्याच्यासाठी विषारी आहेत, ताटल्या वर ठेवा.

प्रश्न : सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांचं काय? वॉचमन पार्किंगमधून हाकलतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ते चार दिवस तरी हाकलू नका, सेक्रेटरींशी आधीच बोलून ठेवा. गाड्यांखाली लपतात, त्यामुळे गाडी काढताना खाली वाकून बघा. शेपटीला माळ बांधणारी मुलं दिसली तर तिथल्या तिथे थांबवा. आणि रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवायला ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीच बंदी आहे, पोलिसांच्या ११२ नंबरवर तक्रार करता येते, त्यात अभ्यंगस्नानाआधी ५ वाजता लावलेली माळही आली.