चिनी भाषक विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्दांचे अर्थ कसे समजावून सांगावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑनलाइन शिकवणीला येणारे चिनी विद्यार्थी ‘ओपन द लाइट’, ‘आय व्हेरी लाइक टी’, ‘आय ॲम व्हेरी बोअरिंग’ असं बोलतात. शब्दाचा अर्थ विचारला तर बरोबर सांगतात, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा तीच चूक. मग अर्थ शिकवायचा तरी कसा?

मी सिंगापूरला चीन, तैवान आणि मलेशियाहून आलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. माझं उत्तर थोडक्यात असं: त्यांचं चुकीचं इंग्रजी वाक्य हे बहुतेक वेळा अगदी बरोबर चिनी वाक्य असतं. त्यामागचा चिनी शब्द कोणता हे आधी शोधा, तो शब्द काय काय कामं करतो ते बघा, आणि मग इंग्रजी शब्द एकटा न शिकवता त्याच्या सोबत्यांसकट शिकवा.

ही माणसं कुठून शिकून आलीत तेही लक्षात घ्या. चीनमध्ये २००१पासून तिसरीपासून शाळेत इंग्रजी आलं. बारावीनंतरच्या ‘गावखाव’ या प्रवेश परीक्षेसाठी साधारण ३५०० इंग्रजी शब्दांची यादी पाठ करावी लागते. पुढे कॉलेजात आणखी एक परीक्षा, तिचीही यादी. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे चिनी अर्थ. त्यामुळे तुमच्या विद्यार्थ्याला शब्द भरपूर येतात, पण प्रत्येक शब्दाला एकच चिनी शब्द चिकटलेला असतो. या याद्या ए अक्षरापासून सुरू होतात आणि सुरुवातीलाच ‘अबँडन’ भेटतो. त्याच्यासमोर ‘फांगछी’ लिहिलेलं असतं. फांगछी म्हणजे सोडून देणे, हार मानणे. म्हणून मॅच बघताना तुमचा विद्यार्थी कळवळून ‘डोन्ट अबँडन!’ ओरडतो. अर्थ पाठ आहे, पण जहाज अबँडन करतात, तान्हं मूल अबँडन करतात आणि हार मानायची असेल तर ‘गिव्ह अप’ म्हणतात, हे यादीने कधी सांगितलेलंच नसतं.

आता ‘ओपन द लाइट’ घेऊ. मागचा चिनी शब्द आहे ‘खाइ’. (चिनी उच्चार देवनागरीत जमतील तसे लिहितेय. रोमन लिपीतला त्यांचा के आपल्या ख च्या जवळचा असतो आणि जी आपल्या क च्या, त्यामुळे मराठी कानाला तो फरक लगेच कळतो.) दार खाइ करतात, दिवा खाइ करतात, गाडी चालवणं म्हणजे खाइ, मीटिंग भरवणं खाइ, फूल उमलणं खाइ, पाण्याला उकळी फुटणं खाइ, डॉक्टरांनी औषध लिहून देणंही खाइ. ऐकून गोंधळ वाटतो? मग आपलं ‘लावणे’ बघा. आपण दिवा लावतो तेव्हा तो सुरू होतो आणि दार लावतो तेव्हा ते बंद होतं. शिवाय गजर लावतो, झाड लावतो, नंबर लावतो, मुलांना शिस्त लावतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे किती अवघड जात असेल! वर्गात मी खाइचं एक पान करते: मध्ये खाइ, भोवती दार, दिवा, गाडी, मीटिंग, फूल, पाणी, आणि प्रत्येकापाशी इंग्रजी क्रियापद. ओपन द डोअर, टर्न ऑन द लाइट, ड्राइव्ह द कार, होल्ड अ मीटिंग. हे पान विद्यार्थ्यानेच भरायचं. एकदा त्याला दिसलं की आपल्या एका शब्दाचे इंग्रजीत सहा-सात तुकडे होतात, की पुढच्या वेळी दिव्यापाशी आल्यावर तो स्वतःच थबकतो. मला तरी तो थबकण्याचा क्षण दहा वेळा चूक सुधारण्यापेक्षा मोलाचा वाटतो.

असाच दुसरा शब्द ‘खान’, म्हणजे बघणे. चिनीत पुस्तक ‘खान’ करतात, टीव्ही, सिनेमा आणि डॉक्टरसुद्धा. म्हणून ‘आय सॉ अ बुक लास्ट नाइट’. इथे जपून, कारण सिनेमा आणि डॉक्टर या दोघांना इंग्रजीतही ‘सी’ चालतो. सगळं चुकीचं म्हणून खोडलंत तर जे बरोबर आहे तेही तो सोडून देईल. पुस्तक ‘रीड’, टीव्ही ‘वॉच’, एवढेच बदल दाखवा. (आपण मराठीत डॉक्टरांना बघत नाही, डॉक्टरांना ‘दाखवतो’. हे सांगितलं की माझ्या वर्गाला फार गंमत वाटते.)

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ या दोन्हींसाठी चिनीत ‘च्ये’ हा एकच शब्द आहे. बॉरोसोबत टेक आणि लेंडसोबत गिव्ह अशी जोडी लावून द्या, आपल्या उसनं घेणे आणि उसनं देणे यांसारखी, म्हणजे प्रश्न मिटतो. ‘वान’ म्हणजे खेळणे, पण मोठी माणसं मित्राच्या घरी जाऊन वेळ घालवतात तेही वान. म्हणून चाळिशीचे गृहस्थ ‘आय प्लेड विथ माय फ्रेंड’ म्हणतात. ‘वूल्याव’ हा शब्द कंटाळलेल्या माणसालाही लागतो आणि कंटाळवाण्या गोष्टीलाही. ‘आय ॲम बोअरिंग’ची चूक मात्र लगेच दुरुस्त करा, नोकरीच्या मुलाखतीत ती महागात पडते. ‘आर यू कन्व्हिनियंट टुमॉरो?’ हेही रोजचंच, कारण चिनीत ‘तुम्ही सोयीचे आहात का’ अशीच रचना आहे. आणि ‘व्हेरी लाइक’ तर हुबेहूब आपलं ‘खूप आवडतं’: खूप हा शब्द क्रियापदाच्या आधी बसतो. ‘आय लाइक इट व्हेरी मच’ हे चार-पाच शब्द एका दमात म्हणायची सवय लावा, नियम सांगत बसू नका.

खरी मेहनत आहे ती सोबत्यांवर. चिनीत पाऊस मोठा, वारा मोठा आणि बर्फही मोठा. इंग्रजीत रेन हेवी, विंड स्ट्राँग, स्नो पुन्हा हेवी. का, याला उत्तर नाही. आपला चहा ‘कडक’ का असतो यालाही नाही. चिनीत औषध ‘खातात’, इंग्रजीत ‘टेक’ करतात. आपलं ‘औषध घेणे’ इथे इंग्रजीशी जुळतं. चिनीत ज्ञान ‘शिकतात’, म्हणून ‘लर्न नॉलेज’. इंग्रजीत ते ‘गेन’ किंवा ‘ॲक्वायर’ करावं लागतं. म्हणून वहीत ‘रेन’ असा सुटा शब्द लिहूच देऊ नका, ‘हेवी रेन’ लिहायला लावा. आणि मोबाइलमधल्या इंग्रजी-चिनी कोशासोबत इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश वापरायला सांगा. त्यात व्याख्येपेक्षा उदाहरणाची वाक्यं आधी वाचायची.

एक गोष्ट आपल्या मराठी शिक्षकांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही बस, तिकीट, डॉक्टर, टेबल, मोबाइल हे शब्द येतात. चिनी माणसाकडे ही पुंजी नसते. सोफा आणि कॉफीसारखे काही शब्द तिकडे गेलेत, पण फोन म्हणजे ‘विजेचं बोलणं’, कम्प्युटर ‘विजेचा मेंदू’, आगगाडी ‘अग्निगाडी’. महिन्यांना नावं नाहीत, आकडे आहेत: एक-महिना, दोन-महिना, थेट बारा-महिन्यापर्यंत. बीफ म्हणजे ‘गाय-मांस’, पोर्क म्हणजे ‘डुक्कर-मांस’. ज्याला शब्दातच अर्थ वाचायची सवय आहे, त्याला ‘ऑक्टोबर’मध्ये काहीच दिसत नाही. चांगली नोकरी करणारा माणूस महिन्यांच्या नावांत अडखळला तर तो कच्चा आहे असं मानू नका.

काही ठिकाणी मात्र मराठी माणूस त्यांना जितकं समजून घेईल तितकं इंग्रज समजून घेणार नाही. ‘अंकल’ शब्दावर तुमचा विद्यार्थी अडेल: कुठला अंकल? वडिलांचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा, मामा वेगळा. आत्या आणि मावशीलाही वेगवेगळे शब्द आहेत. तुम्ही ‘मदर्स ब्रदर’ म्हणून दाखवलंत की त्याचा जीव भांड्यात पडतो. तसंच ‘शांगह्वो’. तळलेलं खाल्लं, लिची जास्त झाल्या, तोंड आलं, तर अंगात शांगह्वो झालं. आपली ‘उष्णता’च ती! सिंगापूर-मलेशियाच्या बोली इंग्रजीत याला सर्रास ‘हीटी’ म्हणतात, पण लंडनच्या डॉक्टरला ते कळणार नाही. तिथे ‘आय हॅव माउथ अल्सर्स’ असं लक्षणच सांगायला शिकवा. ‘ॲड ऑइल’ म्हणजे ‘जोर लावा’. हा हाँगकाँगकडचा प्रयोग २०१८मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात गेलाय, त्यामुळे तो चूक म्हणून खोडू नका. मित्रांत चालतो, अर्जात नाही, एवढं सांगा.

आकड्यांना वेगळा तास द्या. चिनीत ‘वान’ म्हणजे दहा हजार (हा वान वेगळ्या सुरातला) आणि ‘यी’ म्हणजे दहा कोटी. आकडे चार-चारच्या गटाने मोजतात, इंग्रजीत तीन-तीनच्या, आणि आपण आधी तीन मग दोन-दोनच्या. चीनची लोकसंख्या त्यांच्या तोंडी ‘चौदा यी’, आपल्या तोंडी १४० कोटी, इंग्रजीत १.४ बिलियन. मिलियन म्हणजे ‘शंभर वान’ आणि आपले दहा लाख, एवढी एक खूणगाठ पक्की झाली की बाकीचं तिच्यावरून काढता येतं.

सर्वांत जास्त लक्ष द्या ते आपल्याच कानाला न खटकणाऱ्या चुकांकडे. चिनीत ‘जरी’सोबत ‘तरी’ येतं आणि ‘कारण’सोबत ‘म्हणून’. मराठीतही जरी-तरी आहेच. त्यामुळे ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट आय वेंट’ हे वाक्य आपण सहज सोडून देतो. इंग्रजीत दोहोंपैकी एकच हवं. ‘शी मॅरीड विथ अ डॉक्टर’चंही तसंच: चिनीतही लग्न कुणा‘शी’ होतं, मराठीतही. ‘डिस्कस अबाउट’ तर आपल्या ऑफिसांत रोज ऐकू येतं. नकारार्थी प्रश्नालाही आपण दोघं सारखंच उत्तर देतो. ‘यू डिडन्ट ईट?’ असं विचारलं की तो ‘यस’ म्हणतो, म्हणजे ‘हो, नाही खाल्लं’. आपल्याला ते बरोबर कळतं, परक्याला उलटं कळतं. ‘यस’ किंवा ‘नो’वर थांबू न देता ‘नो, आय डिडन्ट’ असं पुरतं वाक्य म्हणवून घ्या.

राहिलं ‘ही’ आणि ‘शी’. बोलण्यात दोघांनाही ‘था’च म्हणतात. ‘ती’साठी वेगळं अक्षर आहे, पण तेही १९२०च्या सुमाराला रूढ होऊ लागलं आणि उच्चार सारखाच राहिला. म्हणून लिहिताना त्यांचं क्वचितच चुकतं, बोलताना मात्र सारखं. फरक त्यांना पक्का ठाऊक असतो, फक्त जीभ मागे राहते. तेव्हा बोलणं मध्येच तोडू नका. गोष्ट पूर्ण सांगू द्या आणि मग त्याच माणसाबद्दल तुम्ही एक प्रश्न विचारा: ‘अँड व्हेअर डज शी वर्क?’ पुढच्या उत्तरात बहुतेकांच्या तोंडून ‘शी’ आपोआप येतं.