घरच्या वाय-फायवरून भिंतीपलीकडे चालणारा माणूस खरंच कळतो का?

हो, कळतो. आपण वेगळी लहर सोडायचीच नाही. राउटरची घरभर फिरतच असते. एक अँटेना राउटरकडे, दुसरा खोलीकडे, आणि दोन्ही सिग्नल, थेट आलेला आणि माणसावर आपटून परतलेला, ताडून पाहायचे. 2.4 गिगाहर्ट्‌झची लहर साडेबारा सेंटिमीटरची. सेकंदाला मीटरभर चालणारा माणूस परतणाऱ्या लहरीची वारंवारता जास्तीत जास्त 16 हर्ट्‌झने सरकवतो. तेवढं पुरतं. युक्ती जुनी आहे, 1935 मध्ये इंग्लंडात डॅव्हेंट्रीच्या बीबीसी प्रक्षेपकावरून विमान असंच टिपलं होतं. पण 20 मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या वाय-फाय चॅनेलवर (म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्यावर) साडेसात मीटरच्या आतली दोन माणसं अंतरावरून वेगळी दिसत नाहीत. शिवाय आपल्या खानापूरकडच्या मातीच्या जाड भिंती पावसाळ्यात ओल धरतात आणि सिग्नल पार गिळतात. पहिला प्रयोग बेळगावातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये, विटांच्या पातळ भिंतीआड करा. शेजाऱ्यांना आधी विचारून, प्लीज.