वाचकांचे प्रश्न : मोटारीच्या अंतर्भागातील क्रोमवर पडलेले खड्डे

प्रश्न : वडिलांनी वापरलेली १९६४ सालची मोटार मी पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या तयारीत आहे. इंजिन आणि आसनांचे काम झाले आहे. मात्र डॅशबोर्डवरील मीटरांच्या कड्या, काचा वरखाली करण्याची हँडल आणि दारांच्या आतल्या मुठी यांच्यावर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य खड्डे आहेत आणि काही ठिकाणी पुटकुळ्याही आल्या आहेत. महिनाभर मेटल पॉलिशने घासूनही खड्डे गेले नाहीत, उलट ते अधिक काळे आणि ठळक दिसू लागले. पॉलिश बदलावे की नव्याने मुलामा द्यावा?

उत्तर : पॉलिश बदलून काही साधणार नाही, तूर्त घासणे थांबवावे. त्या काळातील मोटारींच्या आतल्या कड्या आणि मुठी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या, साच्यात दाबाखाली ओतून केलेल्या असत. त्यांच्यावर आधी तांब्याचा, मग निकेलचा आणि सर्वांत वर क्रोमचा थर दिलेला असतो. शोभेच्या क्रोमचा हा थर साधारणपणे अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही पातळ असतो, आणि त्याखालचे निकेल १० ते ३० मायक्रॉनांच्या आसपास. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरली, तर आपण महिनाभर किती नाजूक गोष्ट घासत होता याचा अंदाज येईल.

या क्रोममध्ये नुसत्या डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आणि भेगा असतात. गाडी वर्षानुवर्षे बंद उभी राहिली की गालिच्यात मुरलेल्या ओलीची वाफ थंड धातूवर दवासारखी जमते, मुठींवर तर घामातले मीठही साचलेले असते, आणि हे खारे पाणी छिद्रांवाटे हळूहळू जस्तापर्यंत उतरते. तांबे आणि निकेल यांना चिकटून असलेले जस्त ओले झाले की स्वतः झिजते. त्यातच उघडे पडलेले जस्त सुईच्या अग्राएवढे आणि भोवतीचा मुलामा त्यामानाने अफाट असल्यामुळे सगळी झीज त्या एका बिंदूवर एकवटते आणि आडवी न पसरता खोल जाते. झिजलेल्या जस्ताचा पांढरा भुगा मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो मुलाम्याला आतून उचलून धरतो. आपल्याला दिसते ती पुटकुळी हीच, आणि ती फुटली की खड्डा उघडा पडतो. आपल्या घासण्याने काही पुटकुळ्यांची टोपणे उडाली आणि पॉलिशचा काळा मळ खड्ड्यांत भरला, एवढेच झाले.

काही ठरवण्यापूर्वी प्रत्येक भाग काढून त्याची मागची बाजू पाहावी. मागे मुलामा पातळ किंवा मुळीच नसतो, त्यामुळे धातू सहज ओळखू येतो. राखाडी रंग, हाताला जाणवणारे वजन, उठावाचे क्रमांक आणि साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे दिसले तर ते ओतीव जस्त समजावे. पिवळा रंग म्हणजे पितळ, तांबूस गंज म्हणजे लोखंडी पत्रा, आणि हलका मऊ धातू म्हणजे ॲल्युमिनियम. लोहचुंबकावर पूर्ण विसंबू नये, कारण गाडीच्या पट्ट्यांसाठी वापरले जाणारे स्टेनलेस स्टीलचे काही प्रकारही चुंबकाला चिकटतात. पट्टी स्टेनलेसची निघाली तर आपले नशीब चांगले म्हणायचे, कारण तिच्यावर मुलामाच नसतो. बारीक खड्डे क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने उतरवून बफ केले, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून चकाकवले, की ती मूळच्या तेजाने चमकते.

जस्ताच्या भागांना मात्र नव्याने मुलामा द्यायचा तर सर्व थर मुळापर्यंत उतरवावे लागतात. त्यानंतर प्रत्येक खड्डा छोट्या गोल बरने (यंत्रावर फिरणाऱ्या बारीक कोरणीने) कोरून त्यातला पांढरा भुगा पूर्णपणे काढावा लागतो. ही पायरी वेळखाऊ असल्यामुळे घाईच्या कामात तीच गाळली जाते, आणि तळाशी राहिलेला भुगा पुढे नव्या मुलाम्याला तसाच उचलतो. कोरलेल्या भागावर आधी सायनाइडयुक्त द्रावणातून तांब्याचा पातळ थर देतात, कारण तांबे चढवण्याचे नेहमीचे आम्ल द्रावण उघड्या जस्तालाच खाऊ लागते आणि त्यावर बसलेले तांबे भुसभुशीत राहून सुटून येते. हा थर बसल्यावर खड्डे डाख देऊन भरता येतात. कथील आणि शिशाचा नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि जस्ताची ही मिश्रधातू सुमारे ३८० अंशांना, त्यामुळे बेताने उष्णता दिली तर भागाला धोका नसतो. उघड्या ज्योतीखाली मात्र असा भाग हातातल्या हातात ओघळलेलाही मी पाहिला आहे. पुढे डाख कानशीने समतल करून पुन्हा भरपूर तांबे, बफिंग, निकेल आणि शेवटी क्रोम असा क्रम असतो. सायनाइड आणि क्रोमिक आम्ल ही दोन्ही द्रव्ये अत्यंत घातक असल्यामुळे यातले काहीही घरी करून पाहू नये.

मुलामा देणाऱ्याकडे भाग सोपवताना छायाचित्रे आणि मोजून केलेली यादी द्यावी, आणि काही सूचना तोंडी न देता लिहूनच द्याव्यात. हँडल ज्या दातेरी दांड्यावर बसते ते आतले दाते आणि स्क्रूचे आटे झाकून ठेवायला सांगावे. नाही तर तांब्याच्या वाढलेल्या जाडीमुळे हँडल परत बसतच नाही. बटणांवरची कोरीव अक्षरे आणि कड्यांच्या धारदार कडा बफिंगमध्ये गोलावतात, म्हणून तेथे हात हलका ठेवण्याची विनंती करावी. अक्षरांत मुळात रंग भरलेला असेल तर तो आपल्याला नंतर स्वतः भरावा लागेल.

सगळेच भाग मुलाम्याला पाठवावेत असे मला वाटत नाही. गाडीच्या आतल्या भागांना दगडगोट्यांचा मार आणि पाऊस सोसावा लागत नाही. ज्या भागावर चारदोन बारीक खड्डे आहेत आणि मूळ निकेल शाबूत आहे, तो कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, त्यावर मेण चढवावे आणि त्याला त्याच्या वयासह राहू द्यावे. मूळ क्रोमला जी किंचित निळसर खोली असते ती नव्या मुलाम्यात उतरेलच असे नाही, आणि नवी चकचकीत कडी जुन्या मीटरभोवती बऱ्याचदा उपरी वाटते.

प्रश्न : वरीलप्रमाणेच खड्डे असलेली कडी घरी इपॉक्सी पुटीने भरून मग मुलाम्याला दिली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. मुलामा विजेच्या प्रवाहाने बसतो आणि पुटीतून वीज वाहत नाही. वीजवाहक लेप देऊन वरून तांबे चढवता येते, पण पुटी आणि धातू यांच्या सांध्यावर ते पुढेमागे सुटण्याची भीती राहते. कडी रंगवायची असेल तर मात्र पुटी उत्तम. त्यासाठी खड्डे साफ करून भरावेत, समतल करावेत, जस्ताला धरणारा प्रायमर द्यावा आणि मग चंदेरी किंवा मूळ रंगसंगतीतला रंग मारावा. क्रोमसारखा दिसण्याचा दावा करणारे फवाऱ्याचे रंग नवे असताना आरशासारखे भासतात आणि हाताळल्यावर करडे पडतात; मुठीवर ते वापरू नयेत. भट्टीत भाजून बसवायच्या पावडर कोटिंगपासूनही सावध राहावे, कारण ते साधारण २०० अंशांना पक्के करतात आणि त्या उष्णतेत ओतीव जस्ताच्या पोकळ्यांत अडकलेली हवा बाहेर येऊन पृष्ठभागावर फोड उठवते.

प्रश्न : दाराच्या आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर ठिपके पडून त्या निस्तेज झाल्या आहेत. पॉलिशने काहीच फरक पडत नाही.

उत्तर : या पट्ट्यांवर बहुधा ॲनोडाइझिंगचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियमवरच तयार केलेल्या ऑक्साइडचा, कठीण, पारदर्शक थर आहे, आणि पॉलिश त्याच्याखालच्या धातूपर्यंत पोहोचतच नाही. हा थर कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात उतरतो. मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून, सोडा पाण्यात टाकावा. पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. बुडबुडे जोरात येऊ लागले म्हणजे थर गेला आणि आता मूळ धातू विरघळू लागला, असे समजून पट्टी ताबडतोब काढून भरपूर पाण्याने धुवावी. हे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून जवळपास ज्योत नको. त्यानंतर पॉलिश पेपर आणि बफ यांनी ठिपके उतरवता येतात, पण संरक्षक थर गेलेला असल्याने पुन्हा ॲनोडाइझ करून घ्यावे किंवा निदान नियमाने मेण लावत राहावे. पट्टीला जस्ताची टोके किंवा बटणे जोडलेली असतील तर ती आधी काढावीत. कॉस्टिक सोडा जस्तालाही खातो.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काळातील एका गाडीच्या दाराची मूठ वाकडी झाली असून तिच्यावर जाळीसारख्या भेगा आहेत. ती सरळ करून मुलामा देता येईल का?

उत्तर : नाही. त्या काळातील ओतीव जस्तात शिसे आणि कथील यांची अल्प अशुद्धीही धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवरून आतल्या आत झीज घडवते, त्यामुळे भाग फुगतो, वाकतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली ९९.९९ टक्के शुद्ध जस्तापासून झमाक नावाची ओतकामाची मिश्रधातू तयार केल्यावर हा दोष मागे पडला, परंतु आधीचे आणि निष्काळजीपणे ओतलेले नंतरचे भाग अजूनही आढळतात. आपली मूठ सरळ करू गेल्यास तुटेल. ती आहे त्या स्थितीत जपून साच्यासाठी वापरावी, फुगलेल्या मापांची दुसऱ्या बाजूच्या शाबूत मुठीशी तुलना करून दुरुस्ती करावी, आणि नवी मूठ पितळेत ओतून तिच्यावर मुलामा द्यावा.