टाके घालायचे की टाकायचे?

देवगडच्या एका मुलीने विचारलंय: ‘मी नुकतंच विणकाम शिकायला लागले आहे. सुईवर पहिली ओळ घेताना मावशी म्हणते “टाके घाल”. मोबाइलवरच्या ताई म्हणतात “फंदे टाका”. मैत्रिणी म्हणतात “टाके टाक”. बरोबर काय?’

मावशी बरोबर आहे.

फंद्यांचं आधी उरकते, कारण ते रोज कानावर पडून माझं डोकं उठलंय. हिंदीत लोकरीच्या फासाला फंदा म्हणतात, खुशाल म्हणोत. मराठीत फंद म्हणजे वाईट नाद, भानगड. माणूस नको त्या फंदात पडतो, दरबारात फंदफितुरी होते. बाळंतविड्यातल्या टोपड्यासाठी ‘60 फंदे टाका’? घरात ‘टाका’ हा शब्द असताना कशाला?

आता घालणे आणि टाकणे. लोणचं घालतात, मांडव घालतात, कोंबडी अंडी घालते. टाकतात तो कचरा, होडीचा नांगर, समुद्रात जाळं. टाकलेली वस्तू हातातून सुटते. घातलेली तिथेच राहते आणि तिच्यातून पुढचं काही उभं राहतं. सुईवरच्या पहिल्या ओळीवर अख्खं टोपडं उभं राहायचं असतं, म्हणून टाके घालतात.

पण खरी गंमत ‘टाका’ या शब्दातच आहे. व्याकरणाच्या एका शिक्षकांनी मला ठासून सांगितलं होतं, की सुईवर लोकर टाकायची म्हणून टाका. साफ चूक! मग गोधडीच्या टाक्यात आणि डॉक्टरांनी जखमेला घातलेल्या टाक्यात कोण काय टाकतं? संस्कृत धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मूळ धातूंच्या यादीत, ‘टकि बन्धने’ असा धातू आहे. टङ्क् म्हणजे बांधणे, जोडणे. त्यातून आला टांका, अनुस्वारासकट. दगड फोडायची टाकी ज्या टङ्कातून आली तो छिन्नीवाला टङ्क वेगळा, त्याची इथे भेसळ नको. सोनार मात्र आपलाच. दागिन्याला डाग देताना, म्हणजे तापवून सांधा जोडताना, तो टाकणखार वापरतो, संस्कृतात टङ्कण. सोन्याचे दोन तुकडे सांधायला टङ्कण, कापडाचे दोन पदर सांधायला टांका. हे दोन्ही शब्द एकाच बांधण्यातून आले असं माझं ठाम मत आहे. टङ्कणाची दुसरी व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी एकदा सोनाराच्या पेढीवर जाऊन बसावं.

मग टांक्याचा टाका कधी झाला? साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 मध्ये शासनाने मान्य केले आणि ‘अनुच्चारित’ अनुस्वार लेखनातून गेले. नांव गेलं, गांव गेलं, टांकाही गेला. अनुच्चारित कुणाचे? पुण्यात नसतील उच्चारत. आमच्या सिंधुदुर्गात ते नाकातून स्वच्छ ऐकू येत होते आणि अजून येतात. माझी वेंगुर्ल्याची आजी गोधडी शिवताना ‘टांको सुटलो गो!’ म्हणायची, तेव्हा त्या शब्दाचा टाकण्याशी काही संबंध आहे असं कुणाच्या मनातही आलं नसतं. कागदावरचा ठिपका गेला, टांका आणि टाकणे सारखे दिसू लागले, आणि छापील मराठीवर वाढलेल्या पिढीने ‘टाके टाक’ सुरू केलं. नियम करणाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या बायकांना एकदा विचारलं असतं, तर हा शब्द वाचला असता.

अजून एक. सुईवरचा अगदी पहिला टाका गाठीचा असतो. ती गाठ सुरगाठ हवी, निरगाठ नव्हे. सुरगाठ सुईवर सरकते आणि सुईवरून काढून टोक ओढलं की सुटते. निरगाठ मारलीत तर तो टाका हलणारच नाही. नवशिक्यांचे टाके घट्ट होतात आणि दुसऱ्या ओळीत सुई शिरत नाही. त्यावर उपाय म्हणजे दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालायचे आणि मग एक सुई हळूच काढून घ्यायची.

मावशींना माझ्यासाठी एक विचाराल? त्या पहिल्या गाठीला देवगडकडे सुरगाठच म्हणतात, की तिकडचा वेगळा शब्द आहे? आणि त्या ‘टाके’ म्हणतात तेव्हा नाकातून म्हणतात का, तेही नीट ऐकून कळवा.